शीड, वाफ, तेल आणि वीज

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यांत न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत विजेवर चालणाऱ्या पन्नास अवजड मालमोटारींचा ताफा समारंभपूर्वक कामाला लावण्यांत आला. बंदराच्या आवारांत फिरणाऱ्या सुमारें सहाशें मालमोटारींपैकीं शेंकडा नव्वद गाड्या २०२६ अखेरपर्यंत विजेवर आणण्याचा संकल्पहि त्या वेळीं जाहीर झाला. अशा प्रसंगीं नेहमींच दोन पक्ष पडतात. डिझेलचे दिवस आतां भरले, असें एक पक्ष म्हणतो. फाटकाच्या आंत घिरट्या घालणारी गाडी निराळी आणि पंचावन्न टनांचें धूड घेऊन बोरघाट चढणारी गाडी निराळी, असें दुसऱ्या पक्षाचें उत्तर असतें. पहिला दुसऱ्याला जुनाट ठरवितो. दुसरा पहिल्याला स्वप्नाळू म्हणतो. आणि वाद जेथल्या तेथेंच राहतो.

हा वाद वाटतो तितका नवा नाहीं. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जात असे. या जिल्ह्याचा किनारा आणि त्याच्या पाठीशीं उभा असलेला सह्याद्रि यांनीं गेल्या दोनशें वर्षांत शीड, वाफ, तेल आणि वीज या चारहि शक्तींना ओझें वाहतांना पाहिलें आहे. प्रत्येक नवी शक्ति आली तेव्हां शंका घेणारे होतेच. आणि इतिहासाचा निर्वाळा असा कीं, ते पुष्कळ वेळां हिशेबांत बरोबर आणि निष्कर्षांत चुकीचे ठरले. पण कांहीं वेळां ते निष्कर्षांतहि बरोबर होते. कोणत्या वेळीं काय घडलें आणि तें कां घडलें, हें पाहिलें म्हणजे आजच्या शंकेचें मोल ठरवितां येईल.

जुन्या कुलाब्याचे खरे हमरस्ते म्हणजे त्याच्या खाड्या. अंबेच्या मुखाशीं धरमतरची खाडी, कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंड्याची, सावित्रीच्या मुखाशीं बाणकोटची. पेण-उरणच्या मिठागरांतील मीठ, खलाटीचें भात, डोंगरचें जळाऊ लांकूड, अलिबाग-श्रीवर्धनचें नारळ-सुपारीचें उत्पन्न हें सर्व मचवे, पडाव आणि गलबतें यांतून मुंबईस जाई. भरतीबरोबर मचवा थेट शेताच्या बांधापर्यंत आंत येई आणि ओहोटीबरोबर भरून बाहेर पडे. वारा फुकट, भरती फुकट. आणि माल भरेपर्यंत दोन दिवस थांबावें लागलें तरी शिडाला त्याचा खर्च नाहीं.

या व्यवस्थेच्या उंबरठ्यावर वाफ आली ती १८३० सालीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं बांधलेलें ‘ह्यू लिंडसे’ हें जहाज त्या वर्षीं २० मार्चला सुवेझकडे निघालें. त्याच्या कोठारांत सुमारें साडेपांच दिवसांचा कोळसा मावे; एडनपर्यंतच्या मजलेला त्याच्या दुप्पट हवा होता. तेव्हां उतारूंच्या खोल्या, दिवाणखाना, डेक, जेथें म्हणून जागा सांपडली तेथें कोळसा भरण्यांत आला. उतारूंना आणि मालाला जागा अशी फारशी उरलीच नाहीं. अकराव्या दिवशीं एडन आलें तेव्हां जहाजावर अवघा सहा तासांचा कोळसा शिल्लक होता.

त्या दिवशीं एखाद्या हिशेबी व्यापाऱ्यानें असें म्हटलें असतें कीं, जें जहाज स्वतःचें खाद्य वाहण्यांतच दमतें तें माझा माल काय वाहणार, तर त्याला कोणी खोटें पाडूं शकलें नसतें. आज बॅटरीच्या वजनाविषयीं जो आक्षेप घेतला जातो, त्याचें हें मूळ रूप होय. व्यापाऱ्याचा हिशेब बरोबर होता. मात्र हिशेबांतले आंकडे स्थिर राहतील ही त्याची समजूत बरोबर ठरली नसती. पुढील चाळीस वर्षांत त्याच कामाला कोळसा कितीतरी कमी लागूं लागला, वाटेवर कोळशाचीं ठाणीं झालीं आणि १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. यांत एक मौज लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वाटेवरच्या त्या ठाण्यांना लागणारा कोळसा पुष्कळ काळपर्यंत शिडाच्या जहाजांतूनच नेला जात असे. नव्या शक्तीला चालतें ठेवण्याचें काम दोन पिढ्या जुनी शक्तीच करीत होती.

कुलाब्याच्या खाड्यांत तर वाफेला पूर्ण विजय कधींच मिळाला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शेफर्ड कंपनीच्या आगबोटी मुंबईहून धरमतरपर्यंत जाऊं लागल्या. धरमतरला उतरून पेणला, महाडला बैलगाडीनें आणि पुढें मोटारीनें जाण्याचा क्रम पडला. पण आगबोटीनें उतारू आणि टपाल घेतलें. मीठ, लांकूड आणि भात शिडाकडेच राहिलें. कारण उघड आहे. उभी राहिलेली आगबोट कोळसा खाते, उभा राहिलेला मचवा कांहीं खात नाहीं. ज्या मालाला घाई नव्हती आणि ज्याची किंमत वजनाच्या मानानें हलकी होती, त्या मालाला जुनें वाहनच परवडत असे. शिडाला अखेर उतरविलें तें आगबोटीनें नव्हे. तें त्याच जातीच्या लांकडी होडीच्या पोटांत बसलेल्या डिझेल इंजिनानें आणि किनाऱ्यावर येऊन पोहोंचलेल्या मालमोटारीनें. एक शक्ति जाऊन तिच्या जागीं दुसरी येते, असें आपण सोपेपणानें म्हणतों. वस्तुतः आधीं कामाची वांटणी होते, आणि ती वांटणी एखाद्या शतकभर टिकूं शकते.

आतां किनारा सोडून घाटाकडे वळावें. ‘ह्यू लिंडसे’ निघालें त्याच वर्षीं, १८३० च्या नोव्हेंबरांत, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. तोंवर बैलांच्या पाठीवरून उतरणारा देशावरचा माल आतां गाडीनें खालीं येऊं लागला. १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी सुरू झाली. सदतीस फुटांच्या चालीला एक फूट चढ, अशी ती अवघड वाट. ती बांधतांना पटकीनें, तापानें आणि अपघातांनीं हजारों मजूर मेले. एवढें करूनहि वाफेच्या इंजिनाला घाट जडच जाई. त्याला मालाबरोबर आपला कोळसा आणि आपलें पाणीहि चढवावें लागे. आणि खंडाळ्याच्या अलीकडे गाडीचें तोंड फिरविण्यासाठीं एक उलटणीचें स्थानक ठेवावें लागलें होतें.

१९२९ च्या सुमारास या घाटांत विजेचीं इंजिनें आलीं आणि उलटणीचें स्थानक बंद झालें. सुमारें २,६०० अश्वशक्तीचीं तीं लांबट इंजिनें पुढें कित्येक दशकें कर्जतहून माल चढवीत राहिलीं. येथें शंका घेणाऱ्यांचा पूर्ण पराभव झाला. परंतु त्याचें कारण बारकाईनें पाहिलें पाहिजे. विजेच्या इंजिनाला आपलें खाद्य बरोबर न्यावें लागत नव्हतें. तें डोक्यावरच्या तारेंतून मिळत होतें. ज्या ओझ्यानें ‘ह्यू लिंडसे’ दमलें होतें तें ओझेंच येथें नाहींसें झालें. वाट ठरलेली, चढ ठरलेला, गाड्या ठरलेल्या. म्हणून तार घालण्याचा खर्च भरून निघाला. मालमोटारीला अशी तार नाहीं. घाटांतील रेल्वेचें उदाहरण देऊन रस्त्यावरील विजेचें समर्थन करणारे हा भेद सोयीस्करपणें विसरतात.

दुसरीहि एक गोष्ट विसरली जाते. घाटांतील या गाड्यांची वीज कल्याणजवळ ठाकुर्लीच्या चोळा वीजघरांत तयार होई, आणि तें वीजघर कोळशावर चाले. घाटांतला धूर नाहींसा झाला खरा, पण त्यानें केवळ आपलें गांव बदललें होतें. आज देशांतील सुमारें तीन-चतुर्थांश वीज कोळशापासूनच होते, म्हणून विजेची गाडी ही लांब नळकांड्याची कोळशाची गाडीच आहे, असा जो टोमणा मारला जातो तो याच जातीचा. त्यांत तथ्य आहे, पण अर्धें. इंजिनाच्या भट्टींत कोळशाची बहुतेक उष्णता वायां जाई. मोठ्या वीजघरांत त्याच कोळशाचें अधिक काम होई. शिवाय वीजघराचें इंधन बदलतां येतें आणि तें बदललें कीं, त्यावरच्या सर्व गाड्यांचें इंधन एका दमांत बदलतें. डिझेलच्या गाडीला जन्मभर डिझेलच लागतें.

वीजघराचें इंधन कोळसाच असलें पाहिजे असें नाहीं, हें तर याच जिल्ह्यानें जगाला दाखविलें होतें. लोणावळ्याच्या तलावांचें पाणी सुमारें पांचशें मीटर खालीं खोपोलीला आणून टाटांच्या कंपनीनें १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यास प्रारंभ केला. पुढें १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा. हीं तिन्ही वीजघरें जुन्या कुलाबा जिल्ह्यांत, घाटाच्या पायथ्याशीं आहेत. गिरणीमालकांपुढचा प्रश्न तेव्हां आजच्या मोटारमालकासारखाच होता. चालता बाष्पक आणि चालतें इंजिन पदरीं असतांना तें टाकून पन्नास मैलांवरच्या पाण्याच्या भरंवशावर गिरणी कां सोपवावी? पाऊस न पडला तर? तार तुटली तर? या शंकांना व्याख्यानांनीं उत्तर मिळालें नाहीं. तें मिळालें दरानें आणि अखंड पुरवठ्यानें. वर्षानुवर्षें तार तुटली नाहीं, तलाव भरत राहिले, आणि पहिल्या महायुद्धानें कोळसा महाग व दुर्मिळ केला, तेव्हां बाष्पक आपोआप थंड पडले.

मात्र या यशाच्या वहींत एक पान असें आहे कीं, तें गिरण्यांच्या हिशेबांत कधींच धरलें गेलें नाहीं. भिऱ्याच्या वीजघरासाठीं मुळशीला धरण घालण्याचें ठरलें आणि मावळांतील सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर पाणी यावयाचें झालें. १९२१ सालच्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट, ज्यांना पुढें महाराष्ट्र सेनापति म्हणून ओळखूं लागला, आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. तीन वर्षें लढा चालला, माणसें तुरुंगांत गेलीं. पण धरण झालें. मुळशीचें पाणी आज भिऱ्याला वीज करून कुंडलिकेंत उतरतें आणि रोह्याच्या कारखान्यांना उपयोगीं पडतें. वीज स्वच्छ होती यांत शंका नाहीं. ज्यांनीं तिची किंमत दिली त्यांच्या घरीं मात्र ती पोहोंचली नाहीं. नव्या शक्तीविषयीं शंका घेणाऱ्या प्रत्येकाला यंत्राचा शत्रु समजूं नये, हा धडा मुळशीनें शिकविला आहे.

शंका पूर्णपणें खरी ठरल्याचेंहि एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां लांकडी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी देशभर दिसूं लागल्या. मोटारीच्या पाठीशीं भट्टी, सकाळीं ती पेटविण्यांत जाणारा वेळ, काजळी, आणि चढावर खचणारा जोर! युद्ध संपून पेट्रोल मोकळें होतांच त्या भट्ट्या उतरल्या आणि पुन्हां कोणी त्यांची आठवण काढली नाहीं. टंचाई किंवा सरकारी उत्तेजन यांच्या आधारावर आलेलें वाहन खरोखर रुजलें कीं नाहीं, हें तो आधार काढून घेतल्यावरच कळतें. १९२९ चें विजेचें इंजिन या कसोटीस उतरलें. कोळशाची भट्टी उतरली नाहीं. आजच्या मालमोटारीची परीक्षा अजून व्हावयाची आहे.

डिझेलची मालमोटार या किनाऱ्यावर कां जिंकली, हेंहि पाहिलें पाहिजे. ती आगबोटीपेक्षां स्वस्त नव्हती आणि रेल्वेपेक्षां बलवान् नव्हती. पण ती दारापर्यंत येई, बोलावली तेव्हां येई, आणि एकटा माणूस कर्ज काढून तिचा मालक होऊं शके. आजहि या देशांतील बहुसंख्य मालमोटारी पांच किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकांच्याच आहेत. १९८९ सालीं न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें आणि कंटेनर वाहणाऱ्या लांब ट्रेलरांनीं उरण-पनवेलचे रस्ते भरून गेले. या भूमीनेंहि आपली किंमत दिली आहे. नव्या मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरणचे शेतकरी उठले, तेव्हां जासईच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच जण प्राणांस मुकले. ज्या बंदरांत २०२४-२५ या वर्षीं सुमारें ७३ लाख कंटेनरांची उलाढाल झाली, त्या बंदराच्या वेशीबाहेर हप्ता फेडीत असलेला एका गाडीचा मालक उभा आहे. विजेच्या प्रश्नाचें खरें उत्तर त्याला द्यावयाचें आहे.

त्याचा हिशेब असा. एक लिटर डिझेलमध्यें सुमारें दहा युनिटें उष्णता असते. तीनशें लिटरांच्या टाकींतून, इंजिनांतील नाश वजा जातां, हजारावर युनिटें कामीं येतात आणि त्या डिझेलचें वजन होतें अवघें अडीचशें किलो. तितकेंच काम देणारी बॅटरी घ्यावी, तर तिच्या प्रत्येक युनिटाला सुमारें सहा किलो वजन पडतें. म्हणजे सहा टनांहून अधिक ओझें केवळ खाद्याचें झालें. म्हणून अडीचशें-तीनशें युनिटांची बॅटरी बसवितात आणि भरल्या गाडीची मजल दीड-दोनशें किलोमीटरांवर येते. पंचावन्न टनांची गाडी खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत नुसती उंचीवर नेण्यालाच सुमारें पंचाहत्तर युनिटें खर्चावीं लागतात. म्हणजे बॅटरीचा चौथा हिस्सा पंधरा-वीस किलोमीटरांत संपतो. पुण्यापर्यंतची खेप जमेल. दिल्लीपर्यंतच्या सुमारें चौदाशें किलोमीटरांत सात-आठ वेळां थांबावें लागेल. गाडीची किंमत डिझेलच्या गाडीहून दुपटीपेक्षां अधिक. सरकारनें २०२५ च्या जुलैंत अशा गाड्यांसाठीं अनुदानाची योजना काढली. तींत एका गाडीमागें जास्तींत जास्त ९ लाख ६० हजार रुपये मिळतात. त्यानें अंतर कमी होतें, भरून निघत नाहीं. आणि दहा वर्षांनीं ती गाडी विकतांना, जीर्ण बॅटरीसह तिला कोण घेणार? जुनी गाडी विकून पहिला हप्ता भरणें हाच लहान मालकाचा वर चढण्याचा जिना असतो. तो जिना नव्या व्यवस्थेंत अजून बांधलेला नाहीं.

दुसऱ्या बाजूचेंहि बळ थोडें नाहीं. विजेचा मोटर घेतलेल्या शक्तीचा सुमारें नऊ-दशांश भाग कामास लावतो. डिझेल इंजिन चार-दशांशाच्या आसपास थांबतें. घाट उतरतांना डिझेलची गाडी ब्रेक तापवून आपली शक्ति हवेंत उधळते. विजेची गाडी तिचा बराच भाग बॅटरींत परत घेते. २०१० नंतरच्या पंधरा वर्षांत बॅटरीची किंमत सुमारें नऊ-दशांशानें उतरली. ठाणें-पुणें वाटेवर २०२३ पासून विजेवरची शिवनेरी बोरघाट चढत-उतरत आहे. आणि बंदरांतील गाड्यांत तर रिकामी बॅटरी काढून भरलेली बसविण्याची सोय असल्यामुळें खोळंबाहि वांचतो. ‘ह्यू लिंडसे’च्या वेळचा हिशेब जसा चाळीस वर्षांत शिळा झाला, तसा हाहि होऊं शकेल.

परंतु बंदरांतल्या त्या पन्नास गाड्या सर्वांत सोप्या वाटेवर आहेत, हें विसरतां येत नाहीं. आखूड फेरा, सपाट जमीन, ठरलेलें ठाणें, एकच मोठा व्यवस्थापक. मुंबईंत १९०७ सालीं विजेच्या ट्रामनें घोड्यांना हटविलें तेंहि अशाच ठरलेल्या फेऱ्यावर. ठरल्या वाटेवर वीज जिंकते, मोकळ्या वाटेवर जुनी शक्ति टिकून राहते, हा आजवरचा क्रम आहे. त्या क्रमाप्रमाणें पाहतां बंदराचें आवार, गोदामांच्या फेऱ्या, शहरांतील वाटप आणि पुण्यापर्यंतची खेप हीं डिझेलच्या हातून प्रथम जातील. देशाच्या टोंकाला जाणारी, आज येथें तर उद्यां तेथें भाडें शोधणारी एकट्या मालकाची गाडी बराच काळ डिझेलवरच राहील.

यांत तिसरीहि एक वाट आहे आणि ती या जिल्ह्यांत गेलीं पंचवीसहून अधिक वर्षें चालूं आहे. रोहें तालुक्यांतील कोलाड स्थानकावर १९९९ पासून भरलेल्या मालमोटारी रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून गोव्याकडे आणि पुढें कर्नाटकाकडे नेल्या जातात. चालक आपल्या गाडींतच बसून असतो आणि तिचें इंजिन बंद असतें. २०२२ सालीं कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर विजेची तार पूर्ण झाली. तेव्हांपासून डिझेलची मालमोटार विजेच्या गाडीवर बसून सह्याद्रीच्या कडेकडेनें प्रवास करूं लागली आहे. लांबच्या मजलेला तार, दारापर्यंतच्या तुकड्याला चाक, अशी ही वांटणी आहे. तींत मालकाला गाडी मोडींत काढावी लागत नाहीं आणि सहा टनांची बॅटरीहि वाहावी लागत नाहीं.

तेव्हां शंका घेणाऱ्याला जुनाट म्हणून हिणविण्यापेक्षां त्याचे प्रश्न एक एक करून उत्तरावे हें बरें. खाद्याचें ओझें किती? वाटेवर ठाणीं कोठें? दर किती वर्षें टिकेल? उत्तेजन संपल्यावर गाडी उभी राहील काय? आणि किंमत कोण देणार? पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें यंत्रज्ञ आणि व्यापारी आज ना उद्यां देतील; आजवर त्यांनीं तीं दिलींच आहेत. पांचव्याचें उत्तर मुळशींत उशिरा विचारलें गेलें, जासईंत रक्त सांडल्यावर विचारलें गेलें. न्हावा-शेव्याच्या वेशीबाहेर, दिल्लीचें भाडें मिळण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या मालकाच्या बाबतींत तें आधींच विचारून घेण्याइतका वेळ अद्याप हातीं आहे.